डॅनियल वाघाचा प्रश्न

मंडळी, नमस्कार. इथं वाढलेल्या मुलांना फ्रेड रॉजर्स कोण हे सांगावं लागत नाही. आम्हा बेळगावकरांना मात्र ते आमच्या पोरांमुळेच भेटले. त्यांचा लहान मुलांसाठीचा टीव्ही कार्यक्रम 1968 साली अमेरिकेत देशभर दिसू लागला, शेवटचा नवा भाग 2001 चा. घरात यायचं, कोट काढून स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे आणि समोर एकच मूल बसलंय असं समजून सावकाश बोलायचं. कार्यक्रमात दिसणाऱ्या टाकीतल्या माशांना खायला घातलं की नाही, या काळजीनं एक अंध मुलगी बेचैन होते, असं तिच्या घरून पत्र आलं. तेव्हापासून ते खाणं घालताना तसं मोठ्यानं सांगू लागले.

जून 1968 मध्ये अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. रॉजर्सनी लगेच खास कार्यक्रम केला. त्यात डॅनियल हा वाघाचा बाहुला, ज्याचा आवाज ते स्वतःच काढत, आधी विचारतो, फुग्यातली हवा जाते कुठं? आणि मग, हत्या म्हणजे काय?

हे पाहिलं आणि मला जून 1986 आठवला. बेळगावातलं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, गोळीबार, गेलेली माणसं. शहापुरातल्या आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड घरांची भिंतीला भिंत. विटीदांडूच्या खेळात भांडणंसुद्धा दोन्ही भाषांत. "काय झालंय?" विचारलं की उत्तर एकच, "काय नाही, आत जा की!" उद्या शेजारच्या कन्नड घरी खेळायला जायचं का, हे तर विचारलंच नाही. मोठ्यांना मी दोष देत नाही, तेही पोळलेले होते. पण आम्ही पोरांनी मग आपापसांत ज्या गोष्टी रचल्या, त्या फार भयंकर होत्या.

अमेरिकेत अनेक ठिकाणी काळ्या लोकांना तरणतलावांत येऊ देत नसत. 1969 च्या एका भागात रॉजर्सनी पाण्याच्या टबात पाय सोडले आणि कार्यक्रमातले कृष्णवर्णीय पोलीस, ऑफिसर क्लेमन्स, यांना शेजारी बसवलं. टॉवेलही एकच. वर उपदेशाचा एक शब्द नाही. मला हे फार मोठं वाटतं.

सुट्टीत बेळगाव, खानापूर, निपाणीला जाऊन आलेली आपली मुलं विचारतात, पाटीच्या भाषेवरून भांडण का? रविवारच्या मराठी शाळेत महिन्यातून एक तास अशा प्रश्नांसाठी ठेवावा, असं मी कार्यकारिणीला सुचवलंय. इथल्या कन्नड मित्रांच्या मुलांनाही त्या तासाला बोलावूया. ज्यांना हात लावायचाय, त्यांनी आज चहाच्या वेळी मला गाठा.