नकार लेखी द्या, साहेब

(दृश्य: नागपूर, सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालयाचं आवार. सकाळचे अकरा.)

काळे कोट लगबगीनं आत-बाहेर करताहेत. झेरॉक्सच्या दुकानापुढे गर्दी, स्टॅम्प व्हेंडरपुढे रांग. भिंतीच्या कडेनं काही माणसं बसली आहेत. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, वीजबिलं, घरटॅक्सच्या पावत्या. आज तारीख कशाची, असं विचारलं तर कित्येकांना सांगता येत नाही. वकिलांनी बोलावलं, म्हणून आले.

गरिबीपायी कुणी न्यायाला मुकू नये, हे संविधानाच्या कलम 39-अ मध्ये लिहिलेलं आहे. ते कलम 1976 साली आलं. गरजूंना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला 1987 मध्ये आणि लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. गरिबाच्या कामाला एवढा वेळ लागायचाच!

(दृश्य: दीक्षाभूमी. मग उत्तर नागपुरातली एक वस्ती, निळे झेंडे, अरुंद बोळ.)

1956 साली बाबासाहेबांनी याच शहरात लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. त्यामुळे इथल्या वस्त्यांत संविधान कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. पोरांना कलमं पाठ असतात. अडतं ते पुढे. अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा आणि खिडकीतला माणूस नाही म्हणाला तर काय करायचं?

"उद्या या म्हणे जी साहेब. उद्या गेली, तं साहेबच बदलले." वस्तीत हे गाऱ्हाणं घरोघरी ऐकू येतं.

(दृश्य: समाजमंदिर. सतरंजीवर बायका. मध्ये एक विधी स्वयंसेविका.)

ही ताई वकील नाही. कोर्टात ती कुणाची बाजू मांडत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं 2009 मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. वस्तीतल्याच माणसाला शिकवायचं आणि त्यानं शेजाऱ्याला वाट दाखवायची, अशी ती कल्पना.

तिचा पहिला धडा कलमांचा नाही, कागदाचा आहे. अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक प्रत त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी आणायची. आवक क्रमांक टाकून मागायचा. तोंडी बोलण्यावर विसंबायचं नाही, कारण तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

जातीच्या दाखल्याचंच घ्या. भटक्या-विमुक्तांकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालात जन्मला, पालातच गेला, त्यानं तेव्हाचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? अट कुणी घातली ते असो, ती घालणारा पालात राहिलेला नसणार. पण अर्ज फेटाळायचा तर कारणं लिहून द्यावी लागतात, आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. खिडकीवरूनच परत पाठवलेल्या माणसाचे हे 30 दिवस कधी सुरूच होत नाहीत.

पोलीस ठाण्यातही तेच. "हद्द आमची नाही" हे कारण दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्यात, चालत नाही, नोंद करावीच लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. घेतलीच नाही, तर तक्रार लिहून वरिष्ठांना पोस्टानं पाठवायची आणि तिथंही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. रजिस्ट्रीची पावती मात्र जपून ठेवायची.

(दृश्य: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पाटी. एक बाई अर्ज भरते आहे.)

वकील लागतो तो यानंतर. आणि इथं एक गैरसमज फार पसरला आहे: फुकटचा वकील मागायचा, तर आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा. महिलांना ही अट नाही. अनुसूचित जाती-जमातींना नाही, लहान मुलांना, दिव्यांगांना, कोठडीतल्या माणसालाही नाही. कायद्यानं सूट दिलेले असे काही गट सोडले, तर बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. नवऱ्याची कमाई किती, हा प्रश्न मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला विचारायचं कारणच नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रांचा खर्च सगळा प्राधिकरण करतं. हेल्पलाइनचा नंबर आहे 15100.

फुकटचा वकील मन लावून लढत नाही, अशी कुरकुर वस्तीत चालते, आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण वकील बदलून मागता येतो, तोही लेखी अर्ज देऊन. हे किती जणांना माहीत असतं?

(दृश्य: लोकअदालत. टेबलामागे पॅनेल, समोर दोन्ही पक्ष.)

लोकअदालतीत वाद लवकर मिटतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते. म्हणून घाईही होते. पण इथल्या तडजोडीवर अपील नाही. बायकांना ताई हे दोनदा सांगते. रक्कम किती, हप्ते किती, पहिला कधी, हे कागदावर आहे का ते बघा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, आणि नीट कळेपर्यंत अंगठा उमटवू नका, मग समोर कितीही मोठे साहेब बसलेले असोत.