खिळे, तिकिटं आणि बुकर: जेम्स केलमन

हे शिशाचे खिळे बघा, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. एकेक उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत लावायचा, ओळ सैल राहिली की मधे पट्ट्या सारायच्या. स्कॉटिश कादंबरीकार जेम्स केलमन पंधराव्या वर्षी शाळा सोडून हेच शिकायला लागले, छापखान्यात, उमेदवार म्हणून. जन्म 1946, स्कॉटलंडमधलं ग्लासगो. वडील चित्रांच्या फ्रेम बनवायचे, घरात पैसा बेताचाच. पुढे त्यांच्या पानावर अवतरणचिन्हं अजिबात नाहीत आणि कॉमा, रिकाम्या जागा त्यांना हव्या तिथेच, हा जो हट्ट दिसतो तो मला तरी या खिळ्यांमधूनच आलेला वाटतो.

मग बसवरची नोकरी. आधी कंडक्टर, नंतर ड्रायव्हर. 1984 च्या 'द बसकंडक्टर हाइन्स' या कादंबरीतला हाइन्स असाच पहाटेच्या ड्युटीला कंटाळलेला, त्यात ड्रायव्हरच तिकीट देणाऱ्या बस येतायत म्हणजे नोकरी जाणार हेही त्याला माहीत.

आता खरी गोष्ट. जुन्या कादंबऱ्यांत कामगार त्याच्या बोलीत बोलायचा, पण अवतरणचिन्हांत कोंडलेला, आणि त्याच्याबद्दल सांगणारा लेखक मात्र शुद्ध इंग्रजीत, म्हणजे एक पायरी वर उभा. केलमननी ती पायरीच काढली. निवेदन ग्लासगोचं, संवाद ग्लासगोचे, शिव्यांसकट, कुठे काय संपतं ते तुम्ही ओळखा! 70 च्या दशकात समीक्षक फिलिप हॉब्सबॉमच्या लेखक-गटात अ‍ॅलस्डेर ग्रे, टॉम लेनर्ड, लिझ लॉकहेड असे स्कॉटिश लेखक सोबत होते, तरी केलमनचा पहिला कथासंग्रह 1973 मध्ये छापला तो अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका छोट्या प्रकाशनाने.

1994, लंडनचं गिल्डहॉल. 'हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट' ला बुकर, वीस हजार पौंड, हा पुरस्कार घेणारे पहिले स्कॉटिश लेखक. गोष्ट सॅमीची, पोलिसांच्या मारानंतर आंधळा झालेला, दारू प्यायलेला, पण ऑफिसांचे फॉर्म आणि डॉक्टरांची उत्तरं यांच्याशी भांडत राहणारा. परीक्षक जूलिया न्यूबर्गरनी निवडीला लाजिरवाणं म्हटलं, पेपरवाले शिव्या मोजत बसले (कादंबरी वाचायला वेळ कुठून मिळणार), आणि केलमन स्टेजवरून म्हणाले की माझ्या संस्कृतीला आणि माझ्या भाषेला असण्याचा हक्क आहे.

त्यानंतर 'कीरन स्मिथ, बॉय', 'डर्ट रोड', लिहिणं चालूच, गाजावाजा कमी. 2022 ची 'गॉड्स टीथ' पण अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशनानेच काढली.