माइनक्राफ्टची पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो. मुलं गेमच्या नादी लागली आणि वाचन सुटलं, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आज एका अशा प्रकाशनसंस्थेबद्दल बोलायचं आहे, जिनं या गेमवेड्या मुलांसाठीच पुस्तकं काढली.

एग्माँट ही मूळची डेन्मार्कची, १८७८ साली छापखाना म्हणून सुरू झालेली कंपनी. तिची ब्रिटनमधली शाखा विनी द पू आणि थॉमस टँक इंजिनची पुस्तकं छापायची. त्याच शाखेनं २०१३ मध्ये माइनक्राफ्ट या स्वीडिश गेमची पुस्तकं बाजारात आणली.

आता हा गेम कसा आहे बघा. तुम्ही ठोकळ्यांच्या जगात येऊन पडता. दहा मिनिटांत अंधार पडतो, झॉम्बी येतात. दगड फोडायला कुदळ हवी. त्यासाठी नऊ चौकोनांच्या चौकटीत वरच्या ओळीत तीन फळ्या आणि मधल्या चौकोनापासून खाली दोन काठ्या मांडायच्या. त्या काळी कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये हे कुणी सांगतच नसे! मुलं एकमेकांना विचारायची, इंटरनेटवर शोधायची. म्हणजे पुस्तकाची गरज आधीच तयार होती. नुसती गेममधली चित्रं छापून पैसे उकळणारी पुस्तकंही निघतात, ती मला मुळीच आवडत नाहीत. इथं मात्र वाचल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नव्हतं.

त्यातलं रेडस्टोनवरचं, म्हणजे गेममधल्या विजेसारखं काम करणाऱ्या लाल खनिजावरचं पुस्तक तर मला फार मोलाचं वाटतं. रेडस्टोनची पूड तारेसारखी जमिनीवर पसरायची. तिच्यातून सिग्नल पंधरा ठोकळे जातो, मग विझतो. पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर लावायचा. रेडस्टोनची मशाल सिग्नल उलटा करते: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेच लॉजिक, आणि दहा वर्षांचं मूल ते दार उघडण्यासाठी आवडीनं वाचतं.

२०१७ मध्ये कॉम्प्युटरवरच्या गेममध्येच कोणती वस्तू कशी बनवायची हे सांगणारी कृतींची वही आली. तरी पुस्तकं थांबली नाहीत. किल्ले, घरं कशी रचायची याकडे वळली. पुढे एग्माँटची ही ब्रिटनमधली शाखा हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेकडे गेली, नाव फारशोर झालं, माइनक्राफ्ट मात्र चालूच आहे.

पालकहो, मुलानं असं पुस्तक मागितलं तर नाक मुरडू नका. शेजारी बसा, त्याच्याकडून एक पान समजून घ्या. आणि मराठी प्रकाशकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हक्क मिळवणं, रंगीत छपाई, सगळं खर्चिक आहे, ठाऊक आहे. तरी रेडस्टोनचं एखादं पुस्तक चांगल्या मराठीत काढाच.