परवानगी जागेला, वर्दळ रस्त्याला

मंडळी, नमस्कार. राहत्या वस्तीच्या रस्त्यावर धंद्याच्या गाड्या किती, कोणत्या आणि केव्हा येऊ द्यायच्या, हा आजचा विषय. थेट मुद्द्यालाच हात घालतो.

कुणी गोदाम काढतो, कुणी बांधकाम साहित्याचा डेपो, कुणी घरपोच मालाचं वाटप केंद्र. त्यासाठी नियोजन खात्याकडे अर्ज येतो, सोबत नकाशा येतो. नकाशावर भूखंडाची हद्द ठळक रेषेनं दाखवलेली असते आणि छाननी बहुतेक त्या रेषेच्या आतच चालते. इमारत किती उंच, बाजूला मोकळी जागा किती, आत किती गाड्या उभ्या राहतील. सगळं नियमात बसलं की परवानगी. पण लोकांना जो त्रास होणार असतो तो फाटकापासून हमरस्त्यापर्यंतच्या पाव-अर्ध्या किलोमीटरवर होणार असतो, आणि तेवढाच तुकडा त्या नकाशावर नसतो. माझं म्हणणं असं की विचाराला सुरुवात त्या तुकड्यापासून व्हायला हवी. भूखंड नंतर बघा.

कायदेही असेच फाटकाशी थांबतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे ३.५ टनांवरच्या मालवाहू गाड्या व्यवसायासाठी चालवायच्या तर परवाना लागतो, आणि गाड्या जिथे उभ्या राहणार त्या तळाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते. जाहिरात आल्यापासून २१ दिवसांत शेजारचे रहिवासी हरकत घेऊ शकतात. व्यवस्था चांगली आहे. परवाना देणारा अधिकारी गाड्यांची संख्या, येण्याजाण्याच्या वेळा, फाटकातून आत-बाहेर होण्याची पद्धत, सगळ्यावर अटी घालू शकतो. पण गाडी एकदा सार्वजनिक रस्त्याला लागली की त्या रस्त्यावरच्या घरांना होणारा त्रास त्याच्या कक्षेबाहेर जातो. म्हणजे तळाला लागून घर असलेल्याचं ऐकून घेतलं जातं, आणि त्याच गाड्या ज्याच्या खिडकीखालून जाणार त्याला दुसरं दार ठोठावायला सांगितलं जातं.

खरं तर याच ब्रिटनमध्ये १९६३ साली नगर नियोजनकार कॉलिन ब्यूकॅनन यांनी सरकारला दिलेल्या अहवालात वेगळा विचार मांडला होता. रस्त्यावरून किती गाड्या जाऊ शकतात हा अभियंत्याचा हिशेब झाला. तिथलं राहणं, चालणं, बोलणं बिघडू न देता किती जाऊ शकतात हा हिशेब वेगळा, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान येतं. साठ वर्षं उलटली, तरी वाहतूक अहवालांत अजून पहिलाच आकडा मांडला जातो. ‘रस्त्याची क्षमता शिल्लक आहे’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते वाक्य डांबराबद्दल आहे, माणसांबद्दल नाही.

माणसांबद्दलची मोजणीही झालेली आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड आणि मार्क लिन्टेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही धड नाही. लोकांना नकाशावर ‘माझं घर कुठपर्यंत’ ते दाखवायला सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. गजबजलेल्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीच्या भिंतीपाशी थांबले. या एका अभ्यासावरून जगातल्या सगळ्या रस्त्यांचा निकाल लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण अर्जावर सही करताना काय पणाला लागतं ते इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी मोजणी मला माहीत नाही.

आता आकडे कसे वाचायचे ते बघू, कारण घोळ तिथेच होतो. अर्जात लिहिलेलं असतं, ‘दररोज २० वाहने’. प्रत्येक गाडी येते आणि जाते, म्हणजे तुमच्या दारावरून ४० फेऱ्या. कामाचे तास आठ धरले तर दर १२ मिनिटांना एक. शिवाय २० वाहनं म्हणजे कोणती? सहा चाकांचा ट्रक आणि छोटा टेम्पो कागदावर सारखेच मोजले जातात. रस्ता तसं मोजत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून झीज मोजली गेली. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात : एका ॲक्सलवरचा, म्हणजे समोरासमोरच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला तर झीज सुमारे १६ पट होते, दहापट झाला तर १०,००० पट. निवासी गल्लीचा थर मुळात पातळ असतो. तो फुटला की खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो, धंद्याच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही.

तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन बघा. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूनं कापून जातात. वळण अरुंद असेल, समोर कार उभी असेल, तर मागचं चाक पदपथावर चढतं. कडेचा दगड आधी तिरका होतो, मग फुटतो, त्यावर टायरचे काळे पट्टे राहतात. जवळचं चेंबरचं झाकण एका बाजूनं खचतं आणि पुढे प्रत्येक गाडीला खडखडतं. ज्या जागेवर चाक चढतं, नेमक्या त्याच जागेवर मुलं रस्ता ओलांडायला थांबतात. चालकाला उंच केबिनमधून तो कोपरा नीट दिसतही नाही. याचा मोबाइलवर काढलेला फोटो दहा पानांच्या निवेदनापेक्षा जास्त कामाचा आहे.

आवाजाचंही तसंच. वर्दळ दुप्पट झाली तरी सरासरी आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो, आणि मग अहवालात ‘लक्षणीय वाढ नाही’ असा शेरा येतो. पण झोप सरासरीनं मोडत नाही. पहाटे पाचला रिकामा ट्रक खड्ड्यात आदळतो, फाळक्याची साखळी वाजते, मागं घेतानाचा भोंगा सुरू होतो, तेव्हा ती मोडते. म्हणून संख्येइतकीच वेळेची अट महत्त्वाची. लंडनमध्ये १८ टनांवरच्या ट्रकना रात्री ९ ते सकाळी ७ आणि शनिवारी दुपारी १ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत वाटेल त्या रस्त्यानं जाता येत नाही. ठरलेल्या मोठ्या रस्त्यांनी जास्तीत जास्त जायचं आणि छोट्या रस्त्यावर अगदी शेवटच्या टप्प्यात उतरायचं. व्यवस्था १९८०च्या दशकापासून चालू आहे आणि शहर उपाशी राहिलेलं नाही.

यात धंद्याला विरोध नाही. आपण घरबसल्या मागवलेला माल कुणीतरी कुठल्यातरी गाडीतून आणणारच आहे, आणि घराच्या खोलीत लहानसा उद्योग करणाऱ्याकडे दिवसातून एकदा टेम्पो आला म्हणून तक्रार करणं मला पटत नाही. प्रश्न साचण्याचा आहे. पहिला अर्ज येतो, वर्दळ पाचच टक्के वाढणार म्हणून मंजूर. वर्षभरानं दुसरा येतो, तोही पाच टक्के, पण आता वाढलेल्या वर्दळीच्या पाच टक्के. थेंबे थेंबे तळे साचे, आणि प्रत्येक थेंबाचा अर्जदार म्हणतो, माझ्यामुळे काय फरक पडतो? त्याचं खरंही असतं. म्हणून अर्जांची तुलना कालच्या वर्दळीशी करू नका. रस्त्यासाठी एकदा मर्यादा ठरवा आणि नवा अर्ज त्या मर्यादेत बसतो का ते बघा.

हरकत लिहिताना ‘आम्हाला त्रास होतो’ एवढ्यावर थांबू नका. एका कामाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीनं बसून गाड्या मोजा, जड आणि हलक्या वेगळ्या मांडा, वेळ लिहा. आणि नुसता नकार मागण्याऐवजी अटीही सुचवा. ‘अवजड वाहनांचा वापर टाळावा’ ही अट मोडली हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. ‘दिवसाला १२ फेऱ्या, ७.५ टनांच्या आतल्या गाड्या, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, येणंजाणं फक्त उत्तरेच्या बाजूनं, फाटकावर नोंदवही’ ही अट कोपऱ्यावरचा कुणीही तपासू शकतो. परवानगी आधी एक वर्षाचीच मागा. वर्षअखेर नोंदवही आणि तुमची मोजणी एकाच टेबलावर ठेवून नूतनीकरणाचा निर्णय व्हावा, आणि त्या सुनावणीची सूचना शेजारच्या दोन घरांपुरती न राहता हमरस्त्यापर्यंतच्या प्रत्येक घराला मिळावी, असं हरकतीत स्वतंत्र कलम म्हणून लिहा.