थाई सासर, भारतीय पासपोर्ट

नमस्कार. आज इथे जमलेल्या बहुतेक जणी थाई घरात सून म्हणून आलेल्या आहेत. काही जणींचं लग्न अजून ठरतंय, आणि काहींचे आईवडील तिकडे पुण्या-नाशिकला स्क्रीनसमोर बसून ऐकताहेत. मी व्हिसा आणि नागरिकत्वाचे नियम सांगणार आहे, पण मनात मुद्दा एकच आहे. थायलंडचा कायदा परदेशी बायकोला पुष्कळ सवलती देतो, आणि त्या सवलतींवर विसंबून आपल्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं नवऱ्याच्या सहीवर या देशात राहतात. हे थांबायला हवं असं मला वाटतं.

आधी लग्नाचं बघू. गावी भिक्खू आले, मनगटाला पांढरा दोरा बांधला, वडीलधाऱ्यांनी शंखातून हातावर पाणी सोडलं, पाचशे माणसं जेवून गेली. इतकं होऊनही कायद्याच्या लेखी लग्न झालेलं नसतं. थायलंडच्या दिवाणी संहितेचं १४५७ वं कलम स्पष्ट आहे: नोंदणी झाली तरच विवाह. ही नोंदणी बँकॉकमध्ये खेतच्या, म्हणजे शहराच्या विभागाच्या, कार्यालयात होते आणि बाहेर आम्फोमध्ये, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारख्या ठिकाणी. भारतात नोंदणी केली असेल तर तो दाखला इथे आपोआप चालत नाही. त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई वकिलातीचा, मग थाई भाषांतर, मग चेंग वत्तनाला थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का, आणि शेवटी आम्फोमध्ये ‘खो रो २२’ ही नोंद, असा तो प्रवास आहे. पुढचं सगळं या नोंदीवर अवलंबून असतं, म्हणून यात आळस नको.

नोंदणी झाली की ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा मिळतो, नव्वद दिवसांचा. इथे आल्यावर इमिग्रेशनमध्ये तो एक-एक वर्षानं वाढवून घ्यायचा. फी १,९०० बाट. खरी सवलत इथे सुरू होते. थाई बाईशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला दर वर्षी बँकेत ४ लाख बाट किंवा महिना ४० हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं. थाई पुरुषाच्या परदेशी बायकोला यातलं काहीच दाखवावं लागत नाही. तिला नवरा पोसणार, असं कायद्यानं धरूनच ठेवलंय.

आता एक्स्टेन्शनचा दिवस आठवा. नवऱ्याला रजा टाकून सोबत यावं लागतं. त्याचं ओळखपत्र, घराचं निळं नोंदणी पुस्तक, म्हणजे तबियन बान, लग्नाची नोंद, घराचा हातानं काढलेला नकाशा. शिवाय फोटो: दोघं घराच्या दारात, घर नंबर दिसेल असे, दोघं स्वयंपाकघरात, दोघं झोपायच्या खोलीत. प्रत्येक कागदावर सही. मग पासपोर्टवर ‘विचाराधीन’ असा तीस दिवसांचा शिक्का बसतो आणि महिन्यानं पुन्हा फेरी. मधल्या काळात दर नव्वद दिवसांनी पत्त्याचा रिपोर्ट. देशाबाहेर जायचं तर आधी री-एंट्री परमिट, नाहीतर परवानगी विमानतळावरच संपते. आई आजारी पडल्याचा फोन आल्यावर रात्रीच्या विमानानं मुंबई गाठणाऱ्या बाईला हे परमिट आठवत नाही. म्हणून एक्स्टेन्शन मिळालं की लगेच अनेक फेऱ्यांचं परमिट काढून ठेवा. ३,८०० बाट जातील, जाऊ द्या.

हे सगळं जमतं, कारण संसार चाललेला असतो. पण नवऱ्यानं एका वर्षी यायला नकार दिला तर? घटस्फोट झाला तर? तो वारला तर? लग्नाच्या आधारावर मिळालेली परवानगी लग्नाबरोबर संपते. मग दुसरा आधार शोधायचा. पन्नाशी पुढची बाई निवृत्तांच्या गटात जाऊ शकते, पण तिथे बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजारांचं उत्पन्न लागतं. जिला कधीच काही दाखवावं लागलं नाही, तिच्या नावावर बहुधा खातंही नसतं. घराचा प्रश्न वेगळाच. परदेशी माणसाच्या नावे इथे जमीन होत नाही. नवऱ्यामागे वारसा हक्कानं आली तरी ती ठरावीक मुदतीत विकावी लागते. ज्या घरात तीस वर्षं चूल पेटवली, ते घर विकायची नोटीस दुखवट्याच्या दिवसांत हातात पडावी, हे कोणावरही येऊ नये.

आणि हे टाळायचा रस्ता कायद्यातच आहे: स्वतः थाई राष्ट्रीयत्व घेणं. सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, १९१३ च्या पहिल्या राष्ट्रीयत्व कायद्यात तर परदेशी बाईनं थाई पुरुषाशी रीतसर लग्न केलं की ती थाईच मानली जाई, विचारायचं कामच नव्हतं. त्याच्या सातच वर्षं आधी, १९०६ मध्ये, राजा चुलालोंगकोर्नचा मुलगा चक्रबोंग्से यानं कॉन्स्टँटिनोपलला कात्या देस्नित्स्काया या रशियन साम्राज्यातल्या मुलीशी लग्न केलं होतं. राजाला ते अजिबात रुचलं नव्हतं. पण बायको नवऱ्याच्या देशाची होते ही समजूत त्या काळी युरोपातही होती आणि इथेही. ती समजूत कायद्यात किती खोल होती ते पाहा: १९९२ पर्यंत थाई आईला परदेशी नवऱ्यापासून झालेल्या आणि परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलाला स्वतःचं राष्ट्रीयत्व देता येत नव्हतं. बाप थाई असेल तर प्रश्नच नसे.

आज लागू आहे तो १९६५ चा कायदा. त्याचं नववं कलम म्हणतं की थाई व्यक्तीशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला थाई राष्ट्रीयत्व हवं असेल तर तिनं अर्ज करावा. मंजुरी गृहमंत्र्यांच्या अखत्यारीत आहे, म्हणजे आपोआप मिळत नाही. पण आधी कायमचं वास्तव्य मिळवायची अट नाही, थाई भाषेची परीक्षाही कायद्यात नाही. परदेशी नवऱ्यांना ही वाट नाही, त्यांना नागरीकरणाच्या लांबच्या मार्गानं जावं लागतं. भारतात याबाबत स्त्री-पुरुष असा भेद नाही, पण भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला अर्जाआधी सात वर्षं भारतात राहावं लागतं. इथे लग्नाला तीन वर्षं झाली की अर्ज करता येतो, मूल असेल तर एका वर्षानंतर.

अर्ज बँकॉकमध्ये पथुमवानला पोलीस मुख्यालयातल्या स्पेशल ब्रँचकडे जातो. लोक त्याला संतिबान म्हणतात. प्रांतात असाल तर प्रांतिक पोलिसांकडे. चौकशी, मुलाखती, मंत्रालय, शपथ असं करत दोन-तीन वर्षं सहज जातात. मुलाखत थाईतच होते, तेव्हा परीक्षा नसली तरी बोलता आलंच पाहिजे. ज्यांनी सासूशी बोलून थाई उचललंय त्यांना काही भीती नाही. एकदा राष्ट्रीयत्व मिळालं की नंतर घटस्फोट झाला एवढ्यानं ते जात नाही. खोटी माहिती देऊन लग्न केलं असेल, किंवा देशाविरुद्ध अथवा सार्वजनिक सुव्यवस्थेविरुद्ध काही केलं असेल तरच काढून घेता येतं. माझ्या दृष्टीनं या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

आता आपली बाजू. योगायोग असा की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही नववं कलमच इथे लागू होतं. स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. कोणी कळवो न कळवो, संपतंच. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. ‘दोन्ही ठेवतात गं सगळ्या’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुखुमवित सोई २३ ला आपल्या वकिलातीत पासपोर्ट जमा करा, सरेंडर सर्टिफिकेट घ्या आणि ओसीआयसाठी, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी, अर्ज करा. ओसीआय कार्डावर आयुष्यभर भारतात जाता-येता येतं. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

हे शेतजमिनीचं जरा थांबून सांगते, कारण गावाकडून सगळ्यात जास्त गोंधळ याचाच होतो. विकत घेता येत नाही म्हणजे वारसानं मिळत नाही असं नाही. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा आहे, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाइतकीच हक्कदार आहे, आणि ओसीआय झाल्यानं तिचा वारसा बुडत नाही. ‘तू आता परदेशी झालीस, सातबाऱ्यावर तुझं नाव लागणार नाही, हक्कसोडपत्रावर सही करून टाक’ असं भाऊ म्हणाला तर सही करू नका. भावाला सोडायचंच असेल तर प्रेमानं, समजून-उमजून सोडा. पासपोर्टच्या धाकानं सोडू नका. वारस नोंद वेळेत करून घ्या आणि फेरफाराची प्रत जवळ ठेवा.

पासपोर्ट सोडणं सोपं नाही हे मला कळतं. तो परत करताना रडलेल्या बायका मी पाहिल्यात. जिला सोडायचा नसेल तिनं सोडू नये, पण मग स्वतःच्या नावावर खातं उघडावं, त्यात दर महिन्याला थोडं थोडं टाकावं, आणि जमल्यास स्वतःचं वर्क परमिट काढावं.

आणि ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी नवऱ्याचं वय बघा. अर्जात त्याचं उत्पन्न दाखवावं लागतं, खासगी नोकरी असेल तर महिना २० हजार बाट, सरकारी असेल तर १५ हजार, करभरण्याच्या पावत्यांसकट. मुलाखतीला तो स्वतः हजर लागतो. पंचावन्नचा नवरा साठीला निवृत्त झाला की हा पुरावा उभा करणं अवघड होतं, आणि दोन-तीन वर्षं तर चौकशीतच जातात. तेव्हा या वर्षीच्या कर पावत्या आजच फाईलला लावा, आणि पुढच्या एक्स्टेन्शनला तो रजा घेईल तेव्हा त्याच आठवड्यात त्याला पथुमवानलाही घेऊन जा.