वीज गेली म्हणून वाचला

(पडद्यावर फोटोंचं फोल्डर. संगीत नाही.)

हा संगणक चाचणीसाठीच ठेवलाय, इंटरनेटपासून तोडलेला. त्यात मुद्दाम एक रॅन्समवेअर सोडलंय, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. डावीकडच्या रांगेकडे लक्ष ठेवा. फोटो एकेक करून कोरे पडताहेत. धोक्याची सूचना नाही, काही नाही, पंखा तेवढा जरा जोरात फिरतोय. फाइल्स जागेवरच आहेत, पण कुलूपबंद. किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

आता शेजारच्या हार्ड डिस्कचा दिवा बघा. तो लुकलुकतोय. बॅकअप तिच्यातच होता, आणि वायर लावलेलीच राहिली होती.

(जुनी दृश्यं : बंदर, कंटेनर, थांबलेल्या क्रेन.)

२७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा असाच एक व्हायरस. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत आला. ऊठसूट 'अपडेट करा' सांगणाऱ्या आमच्यासारख्यांची इथे पंचाईत होते, हे खरं. पण तो ज्या वाटांनी पुढे पसरला, त्यातलं विंडोजमधलं एक भगदाड मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलं होतं. दुसरी वाट पासवर्डची : एका मशीनच्या मेमरीतून उचलायचा आणि अपडेट केलेल्या मशीनवरही तोच वापरून शिरायचा. खंडणी मागायचा, पण भरली तरी फाइल्स परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती.

मेर्स्क या जहाज कंपनीत कोणी कुठे लॉगिन करायचं, हे ठरवणारे सुमारे १५० सर्व्हर होते. सगळे एकमेकांची नक्कल ठेवायचे. एक पडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकदम पडले.

उरला एक. घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता.

दुरुस्तीचं काम ब्रिटनमधून चालू होतं. त्यातला डेटा नेटवरून तिकडे पाठवायचा तर कित्येक दिवस लागले असते. आणि घानाच्या ऑफिसात कोणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकजण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला. तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो लंडनला निघाला. एकूण दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे राहिले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर, हा कंपनीचाच अंदाज.

(पुन्हा टेबल. डिस्कवर हात.)

क्लाउडमध्ये आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरला बरेचजण बॅकअप म्हणतात. त्या १५० सर्व्हरचंही सिंकच चालू होतं. इकडची फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू असेल तरच काही हाती लागतं.

म्हणून ही दुसरी डिस्क. कॉपी पूर्ण झाली. 'इजेक्ट'. वायर काढली. आता ती एका वेगळ्या लॅपटॉपला लावून मधलाच कुठलातरी एक फोटो उघडतोय.

उघडला. डिस्क कपाटात.