शाळा बंद पडणार म्हणे!

श्रोतेहो, नमस्कार.

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काय, पेडण्यात काय, गावच्या तिठ्यावर एक वाक्य कानावर पडतंच: "आपली मराठी शाळा बंद पडणार म्हणे!"

बोलणारीचा शाळेवर राग नसतो. बाई छान शिकवतात, हेही ती सांगते. पण आज इथे घालून उद्या मुलाला दुसरीकडे हलवायचं, त्यापेक्षा बालरथ, म्हणजे शाळेची बस, येते त्या शाळेत आधीच घातलेला बरा, असा तिचा हिशेब. शेजारीणही तोच हिशेब करते. पट घसरतो, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या शाळांपैकी आणखी एकीला कुलूप लागतं. मग सगळी म्हणतात, "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?"

हे ऐकलं की जीव तुटतो. म्हटलं म्हणूनच तर झालं!

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली हेच बँकेच्या उदाहरणाने मांडलं. बँक धडधाकट असते. बुडणार अशी आवई उठते, लोक ठेवी काढायला धावतात. ठेवींतला बराच पैसा कर्जाऊ दिलेला, एकदम सगळ्यांना रोख कुठून देणार? बँक बुडते. आधी खोटं असलेलं भाकीत लोकांच्या वागण्याने खरं होतं. घरातही तेच. "हा गणितात कच्चाच" म्हणत आपण त्याला सोपीच गणितं घालतो, मग तो कच्चाच राहतो.

पट घसरायला इतर कारणं आहेतच. मुलं कमी झाली, तरुण जोडपी म्हापसा-पणजीला गेली, इंग्रजीची ओढ आहे. पण वाड्यावर मुलं असूनही वर्ग ओस पडतो, तिथे ही आवईच नडते.

नुसत्या उपदेशाने ती थांबत नाही. अमेरिकेत १९३३ च्या कायद्याने ठेवींना विमा आला, तेव्हा कुठे बँकांवरची झुंबड ओसरली. आपल्याकडेही २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. शाळेलाही तशी हमी हवी. आज पहिलीत आलेलं मूल चौथी पूर्ण करेपर्यंत शाळा इथेच चालेल, असं शिक्षण खात्याने लेखी द्यावं. पालक-शिक्षक संघाने तो कागद घरोघर दाखवावा. आणि एकटीला धीर होत नसेल तर वाड्यावरच्या चार-पाच आयांनी ठरवून एकाच दिवशी नावं घालावीत. प्रवेश सुरू व्हायच्या आधी देवळाच्या मंडपात एक बैठक घेतली, तरी एवढं ठरवता येईल.

नमस्कार.